लेकीला घेऊन पाण्यात उतरताना

२१ फेब्रुवारी २०२५, शुक्रवार. लेक त्या दिवशी बरोबर आठ महिन्यांची झाली होती. घरी तिला सगळे चिमी म्हणतात. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते, सासूबाई देवासमोर होत्या आणि चिमी मधल्या खोलीत चटईवर खेळत होती. तवा उतरवून मागे वळले तर चटई रिकामी. न्हाणीचं दार अर्धवट उघडं होतं. आत ती बादलीच्या काठाला धरून गुडघ्यांवर उभी होती आणि एक हात कोपरापर्यंत पाण्यात घालून पाणी थापटत होती. बादली अर्धी भरलेली होती. काहीच झालं नाही, मी तिला उचललं, ती हसली. पण माझे पाय पुढचा तासभर थरथरत होते.

आमच्याकडे पाणी भरून ठेवायची सवय आहे, कोल्हापुरात बऱ्याच घरांत असते. हंडे, बादल्या, मागच्या दारी पिंप. त्या वयाच्या बाळाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं. ते वाकून बादलीत तोंडावर पडलं तर त्याला स्वतःहून बाहेर येता येत नाही, आणि त्याचा आवाजही होत नाही. हे मला माहीत होतं, कुठंतरी वाचलेलं होतं, तरी बादली भरलेलीच होती. त्या दिवसापासून आमच्या न्हाणीत वापर संपला की बादली पालथी, पिंपाला झाकण आणि झाकणावर पाटा, दाराला वर कडी. खर्च कडीचा, ४० रुपये.

त्याच रात्री मी नवऱ्याला म्हटलं, हिला पाण्याची ओळख करून द्यायची. आणि मला पोहता येत नाही, हेही आता बास झालं.

हे दुसरं वाक्य समजायला थोडं मागं जावं लागेल. माझं माहेर करवीर तालुक्यातलं. आमच्या मळ्यात मोठी विहीर होती. उन्हाळ्यात गल्लीतली सगळी पोरं तिथं पवायला जायची. पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर डबा बांधायचा, मोठ्या भावानं वरून ढकलायचं, नाकातोंडात पाणी, चार गटांगळ्या, आणि आठ दिवसांत पोरगं मुटका मारायला लागायचं. मी काठावर सगळ्यांचे कपडे सांभाळत बसायचे. पोरींना कुणी बोलवायचं नाही. एकदा चुलतभावानं गंमत म्हणून मला ढकललं. काकानं लगेच बाहेर काढलं, पण ते हिरवं पाणी आणि कानातला तो बंद झालेला आवाज माझ्या अंगात राहून गेला. लग्न होऊन शहरात आले तेही पंचगंगेपासून जवळ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पूर आला तेव्हा आम्ही सामान माळ्यावर टाकून नातेवाइकांकडे राहायला गेलो होतो. पावसाळ्यात आमच्या घरी चहाबरोबर पहिला प्रश्न असतो, "राजाराम बंधाऱ्याला आज किती फूट?" नदीची पातळी तिथं मोजतात; ३९ ला इशारा, ४३ ला धोका, हे आमच्या शेजारच्या शाळकरी पोरालाही पाठ आहे. अशा गावात राहून पाण्याला नुसतं भिऊन भागत नाही.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू केले. पाच ठिकाणी केले. दोन ठिकाणी फोनवरच नकार मिळाला: मूल किमान पाच-सहा वर्षांचं हवं, उंची अमुक हवी. नवरा लहानपणी रंकाळ्याजवळच्या अंबाई टँकमध्ये शिकलेला, त्याला वाटत होतं कुठंही जाऊन नाव घातलं की झालं. मोठ्या मुलांच्या तलावात बाळाला नेण्यात अर्थ नाही हे आम्हाला नंतर कळलं. तिसऱ्या ठिकाणी मात्र लगेच होकार आला. "आणा की, काही होत नाही." हा होकार मला नकारापेक्षा जास्त खटकला. तरी जाऊन बघून आले. बाळाच्या अंघोळीच्या पाण्याचा तापमापक २५० रुपयांना घेतला होता, तो तिथल्या पाण्यात धरला. सकाळी दहा वाजता २५ अंश. मोठ्या माणसाला ते छान वाटतं. बाळाला नाही, त्याचं अंग फार पटकन गार पडतं. एवढ्या लहान बाळांसाठी पाणी निदान ३० च्या वर, शक्यतो ३२ च्या आसपास असावं. चौथ्या ठिकाणी फोनच उचलला नाही. पाचवं मिळालं ते शहराच्या कडेला, आमच्यापासून रिक्षानं पंचवीस मिनिटांवर. छप्पर असलेला छोटा तलाव, माझ्या कमरेएवढं पाणी, भिंतीवर फळा आणि त्यावर त्या दिवशीचं तापमान, क्लोरीन आणि पीएच (पाणी आम्ल की अल्कधर्मी याचं माप) खडूनं लिहिलेलं. मी गेले त्या दिवशी ३२ अंश होतं. बघायला जाल तेव्हा हा फळा किंवा नोंदवही मागा. मोकळं, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेलं, क्लोरीन १ ते ३ पीपीएमच्या (दहा लाख भागांत इतके भाग) दरम्यान आणि पीएच ७.२ ते ७.८ असेल तर पाण्याची निगा नीट राखली जातेय असं समजायला हरकत नाही. आणि वास घ्या. डोळ्यांना झोंबणारा उग्र वास म्हणजे पाणी स्वच्छ, असं मला वाटायचं. उलट घाम-लघवी मिसळलेल्या पाण्यात क्लोरीनची संयुगं साठली की तो वास येतो.

आठ वर्गांचे ४,००० रुपये, एका वेळी पाचच बाळं, प्रत्येकाबरोबर एक मोठं माणूस पाण्यात. शिकवणाऱ्या मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, "पाण्यात कोण उतरणार?" नवरा माझ्याकडं बघायला लागला, कारण त्याला पोहता येतं आणि ठरलंही तसंच होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "मी."

मग कागद. वर्गासाठी लागणार होते बाळाच्या जन्मदाखल्याची प्रत, पालकाचं ओळखपत्र, बाळाच्या डॉक्टरांचा दाखला, दोन फोटो आणि सही केलेलं हमीपत्र. आमचा जन्मदाखला काढून बघितला तर नावाच्या जागी कोरं. दवाखान्यातून नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं, आणि बारशानंतर नाव घालायचं राहून गेलेलं. तुमच्याकडंही असं असेल तर एक सांगते: वर्षाच्या आत नाव घातलं तर फी लागत नाही, त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. ४ मार्चला महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात अर्ज, जुना दाखला आणि दोघांच्या आधारच्या प्रती दिल्या. अर्जावर नाव मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडं लिहावं लागतं. काउंटरवरच्या बाईंनी मला थांबवून सांगितलं, "स्पेलिंग घरी सगळ्यांना दाखवून मगच द्या, हेच पुढं शाळेला जाणार." मी तिथल्या तिथं नवऱ्याला फोन लावला, आणि एका अक्षरावर आमचं खरंच एकमत नव्हतं. १२ मार्चला नवीन दाखला हातात आला. त्यावरच पुढं निळं बाल आधारही काढून घेतलं. पाच वर्षांखालच्या मुलाचे बोटांचे ठसे घेत नाहीत, आई किंवा वडिलांच्या ठशांवर काम होतं.

डॉक्टरांकडं २८ फेब्रुवारीलाच जाऊन आले होते. तपासणी फी ४०० रुपये, पण त्या वीस मिनिटांनी माझ्या डोक्यातलं बरंचसं जळमट काढलं. मी सरळ विचारलं, हे शिकवलं तर ती बुडण्यापासून वाचेल का? ते म्हणाले, "नाही. ही आशा घेऊन जाऊ नका." अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना पोहण्याच्या शिकवणीची शिफारस साधारण एक वर्षानंतर करते, त्याआधीच्या वर्गांनी बुडण्याचा धोका कमी होतो याला पुरावा नाही. वर्षाच्या आतल्या बाळासाठी हे पाण्यातलं खेळणं आहे, आईबापानं पाण्यात बाळ कसं धरायचं याचं शिक्षण आहे. त्यासाठी जायचं असेल तर खुशाल जा. तोंडावर पाणी आलं की अगदी तान्ही बाळं घसा बंद करून घेतात. ही एक उपजत क्रिया असते आणि सहाएक महिन्यांनंतर ती ओसरत जाते. तिच्या भरवशावर कुणी बाळाला बुडवत असेल तर हो म्हणू नका, असं त्यांनी बजावलं. बाळ पुन्हा पुन्हा पाणी गिळत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं, बाळ सुस्त होतं, झटके येऊ शकतात. मोबाइलवर पाठीवर तरंगणाऱ्या बाळांचे जे व्हिडिओ फिरतात, त्यातली कितीतरी बाळं रडत असतात. मला ते बघवत नाहीत, आणि डॉक्टरांशी बोलल्यावर तर त्या पद्धतीचा विचारही सोडून दिला.

घरातल्या शंका मी लिहूनच नेल्या होत्या, कारण सासूबाईंच्या भीतीला मला नुसतं "काही होत नाही" असं उत्तर द्यायचं नव्हतं. कान फुटतील का? पडदा शाबूत असेल तर बाहेरच्या कानातलं पाणी आत जात नाही. नंतर कान पुसायचा तो बाहेरूनच, काडी किंवा तेल घालायचं नाही. सर्दी होईल का? सर्दी विषाणूनं होते, पण पाण्यातून काढल्यावर बाळ गारठू द्यायचं नाही. लस टोचून ताप असेल तर? तर जायचं नाही. हे शेवटचं लगेच उपयोगी पडलं.

आमचा पहिला वर्ग ठरला होता ५ एप्रिलला. नवव्या महिन्याची गोवर-रुबेलाची लस आणि अ जीवनसत्त्वाचा डोस २६ मार्चला झाला. त्या रात्री ताप नाही, दुसऱ्या दिवशी नाही, मी निर्धास्त. पाडव्याला तिनं गुढीची साखरेची माळ ओढून चाटली. आणि २ एप्रिलच्या रात्री १०१ ताप. गोवराच्या लसीचा ताप असा आठवड्याभरानं येऊ शकतो हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, मीच विसरले होते. दोन दिवसांत उतरला. वर्ग एक आठवडा पुढं ढकलला, त्याचे पैसे गेले नाहीत, कारण आधी कळवलं होतं. वर्ग ठरवताना लसीची तारीख आणि त्यापुढचे दहा-बारा दिवस दिनदर्शिकेवर बघून घ्या.

मधल्या दिवसांत खरेदी झाली. पाण्यात वापरायची चड्डी, धुऊन पुन्हा वापरता येणारी, ४५० रुपये. साधा डायपर पाण्यात फुगतो, त्याचा उपयोग नाही. ही चड्डी शी अडवते, लघवी नाही, हेही माहीत असू द्या. टोपडं असलेला टॉवेल ३८० रुपये. आणि माझा पोशाख. खरं सांगते, या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत अवघड गेलेली गोष्ट हीच होती. सुती कपडे चालत नाहीत, त्यांचे धागे गाळणीत अडकतात आणि ओले झाल्यावर जड होतात. दुकानात जाऊन दोनदा परत आले. शेवटी पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा नायलॉनचा पोशाख मिळाला, १,३५० रुपये, टोपी १५० रुपये. घरी आणून दार लावून घालून बघितला. बाळंतपणानंतरचं पोट, सैल झालेलं अंग, आणि हे अंगाला चिकटलेलं कापड. रडू आलं. सासूबाईंनी बाहेरून विचारलं, "बसला का गं मापात?" मी दार उघडलं. त्यांनी खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "सगळं झाकलंय की. मग कशाला अवघडतीस? आमच्या टायमाला असं काय मिळालं असतं तर मी बी शिकली असती." मला वाटलं होतं विरोध त्यांचाच होईल.

सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामा पंचगंगेच्या घाटावर वाढलेले. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं. "चार हजार? नदी काय फी घेती व्हय?" मग शेजाऱ्यांना मात्र अभिमानानं सांगत फिरले, नात पवायला चालली म्हणून. आणि कोल्हापुरात असं काही सांगितलं की समोरून उत्तर ठरलेलं: वीरधवल खाडेचं नाव. आपल्या गावचा पोरगा २००८ साली बीजिंग ऑलिंपिकला गेला, २०१० च्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायला ब्राँझ घेऊन आला. त्यामुळं गल्लीत चिमीचं ऑलिंपिकही ठरून गेलं होतं. मी हसून मान डोलवायचे. माझ्या डोक्यात फक्त ती बादली होती.

१२ एप्रिल, शनिवार. चैत्र पौर्णिमा, म्हणजे जोतिबाची यात्रा. वाडी रत्नागिरीकडं जाणाऱ्या गाड्या, सासनकाठ्या, गुलालानं माखलेली माणसं, "चांगभलं"चा गजर, आणि त्यात आमची रिक्षा. पंचवीस मिनिटांच्या वाटेला तास लागला. दहा मिनिटं उशीर झाला, आणि त्यात माझी एक मोठी चूक. सकाळी आमच्या मावशी नेहमीसारख्या अंघोळ घालायला आल्या. खोबरेल तेलानं रगडून मालीश, टाळूवर तेल, मग वेखंड, धुरी. माझ्या मनात आलंच नाही. तलावावर मॅडमनी चिमीचा दंड धरला आणि हात घसरला. "असं बाळ पाण्यात तुमच्या हातातून सुटेल," त्या म्हणाल्या, आणि आम्हाला साबण देऊन परत न्हाणीत पाठवलं. तेलानं पाणीही खराब होतं. वर्गाच्या दिवशी मालीश संध्याकाळी. मावशींना मी घरी येऊन सांगितलं तर त्या दोन दिवस माझ्याशी नीट बोलल्या नाहीत.

पायऱ्यांवरून उतरताना एका हातात चिमी आणि दुसऱ्या हातात कठडा. पाणी गुडघ्याला, मांडीला, कमरेला. कोमट होतं, निळ्या फरशीचा तळ स्वच्छ दिसत होता, माझे पाय जमिनीवर होते. तरी छाती दाटून आली. चिमीनं माझ्या मानेला मिठी मारली आणि रडायला सुरुवात केली. मोठ्यानं, श्वास अडकेपर्यंत. बाकीची चार बाळं पाणी उडवत होती. मॅडम जवळ आल्या. त्यांनी चिमीकडं बघितलंच नाही, मला म्हणाल्या, "ताई, तुम्ही श्वास रोखून धरलाय. सोडा. खांदे पाण्यात घ्या." मी गुडघे वाकवून खांद्यापर्यंत पाण्यात बसले, तेव्हा पहिल्यांदा माझा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आला. तोवर मी ताठ उभी राहून तिला पाण्याच्या वर, हवेत धरून ठेवलं होतं. ओल्या अंगानं तिला गार वारा लागत होता आणि वर आईचा घाबरलेला चेहरा. बाळाचे खांदे पाण्यात असले तर ऊब राहते. रडणं थांबलं नाही, पण हुंदक्यांवर आलं. पंधरा मिनिटांनी मॅडमनी आम्हाला बाहेर पाठवलं. अर्ध्या तासाचा वर्ग असला तरी पहिल्या दिवशी एवढंच पुरे, असं त्यांचं मत. ओठ निळसर झाले, अंगावर जाळीसारखे चट्टे दिसले किंवा हनुवटी थरथरली, तर वेळ न बघता बाहेर काढायचं.

टॉवेलात गुंडाळून कपडे बदलायच्या खोलीत दूध पाजलं आणि मी स्वतः ओल्या कपड्यात कुडकुडत बसले. माझा सुका टॉवेल मी विसरले होते. सोबत एक माणूस काठावर असणं फार गरजेचं आहे, बाळ घ्यायला आणि तुम्हाला कपडे बदलू द्यायला. घरी येऊन चिमी अडीच तास झोपली, एवढी सलग ती दिवसा कधीच झोपली नव्हती.

रविवारी जायचं माझ्या जिवावर आलं होतं. गेले. या वेळी खायला दीड तास आधी नाचणीसत्त्व दिलं, निघताना दूध नाही. उतरल्यावर दोन-तीन मिनिटं ती रडली, मग मॅडमनी पाण्यावर स्टीलची छोटी वाटी सोडली. आमच्या घरातल्या खेळण्यांपेक्षा तिला वाटीच आवडते हे त्यांना कसं कळलं कोण जाणे. तिनं हात पुढं केला आणि मी तिला काखेत धरून वाटीमागं चालत गेले. तलावाच्या दुसऱ्या टोकाला पोचल्यावर मला जाणवलं की मी पाण्यातून चालत आले आहे आणि कठडा धरलेला नाही.

पुढच्या शनिवार-रविवारी धरायच्या तऱ्हा शिकलो. समोरासमोर, काखेत हात. तिची पाठ माझ्या छातीला, एक हात पोटावर. आणि पाठीवर तरंगताना तिचं डोकं माझ्या खांद्यावर, माझा गाल तिच्या गालाला. ही शेवटची तऱ्हा अनेक बाळांना नको असते, चिमीला तर अजिबात नको होती, आणि तिथं कुणी जबरदस्ती केली नाही. डोक्यावरून पाणी घालण्याआधी दर वेळी तेच शब्द, त्याच सुरात: "चिमी... एक, दोन, तीन." मग मगातून पाण्याची बारीक धार डोक्याच्या मागून. घरी अंघोळीला हेच करायला सांगितलं होतं. आठवड्याभरात ती "तीन"च्या आधी डोळे मिटायला लागली. डोकं पाण्याखाली घालणं आठही वर्गांत एकदाही नव्हतं. कुणी विचारतं, "मग शिकली काय?" त्याचं उत्तर मला एका वाक्यात देता येत नाही.

२२ एप्रिलला तिला जुलाब लागले. जुलाब असताना तलावात जायचंच नाही, आणि थांबल्यावरही निदान ४८ तास. आमच्या वर्गाचा नियम पूर्ण आठवड्याचा. काही जंतू क्लोरीनलाही दाद देत नाहीत, एका बाळामुळं पाचही आजारी पडू शकतात. २६ आणि २७ चे वर्ग बुडाले, ते मे महिन्यात भरून मिळाले. नाव घालतानाच विचारून घ्या, आजारपणातले वर्ग भरून देतात का. आमच्याकडं आदल्या रात्री आठपर्यंत कळवलं तर देतात, नंतर नाही.

३ मेला मॅडमनी वर्ग पाण्याबाहेर सुरू केला. त्यांच्याकडं रबराची बाहुली होती, आणि एक प्रशिक्षित परिचारिका आली होती. बुडालेलं बाळ बाहेर काढलं आणि ते श्वास घेत नसेल तर काय करायचं. मामा त्या दिवशी आमच्याबरोबर आले होते, बाकावर बसून ऐकत होते. परिचारिकाबाईंनी विचारलं, "पहिलं काय कराल?" मामा तिथूनच म्हणाले, "उलटं धरायचं, पोट दाबून पाणी काढायचं." त्यांच्या पिढीत घाटावर हेच करायचे. बाईंनी न रागावता समजावलं. पोट दाबायचं नाही, उलटं टांगायचं नाही. त्यात वेळ जातो आणि पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जाऊ शकतं. बुडालेल्याला आधी हवा हवी. मान सरळ, हनुवटी किंचित वर, बाळाच्या नाकातोंडावर आपलं तोंड नीट लावून हळू श्वास, छाती उचललेली दिसली पाहिजे. मग छातीच्या मधोमध साधारण चार सेंटीमीटर दाब (आम्हाला तेव्हा दोन बोटांनी शिकवलं; आता दोन अंगठ्यांनी किंवा एका तळहाताच्या बुंध्यानं दाबायला सांगतात), तीस दाब आणि दोन श्वास, असंच चालू, आणि दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन. मी बाहुलीवर सहा वेळा केलं. वाचून हे येत नाही, हातानं करून बघा, शक्य असेल तिथं प्रशिक्षण घ्या. मामा उठून आले आणि म्हणाले, "मला बी करू द्या." बासष्ट वर्षांच्या माणसाची ती जाड बोटं, एवढीशी बाहुली. दोन दाब दिले आणि थांबले. परतताना रिक्षात म्हणाले, १९८० च्या आसपास घाटावर एका पोराला त्यांनी बाहेर काढलं होतं, सगळ्यांनी मिळून पोट दाबलं होतं. पुढं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

त्या वर्गासाठी वेगळे पैसे नव्हते. मला विचाराल तर चार हजारांतले निम्मे त्याचेच.

४ आणि १० मेला चिमी खरोखर रमली. पाय मारायची, पाणी तोंडात गेलं की थू करायची, दुसऱ्या बाळाचं टोपडं ओढायची. मला आता भीती वाटत नव्हती असं नाही. भीतीची जागा बदलली होती. आधी पाण्याची वाटायची, आता एका क्षणाच्या दुर्लक्षाची वाटते. मॅडम प्रत्येक वर्गाच्या शेवटी सांगायच्या, बाळ पाण्याजवळ असेल तर ते तुमच्या हाताच्या अंतरात हवं, फोन पिशवीत हवा, आणि फुगवलेल्या कड्यांवर, बाह्यांच्या फुग्यांवर विसंबायचं नाही, ती खेळणी आहेत. आमच्याबरोबरची एक आई म्हणाली होती, आता बाई निवांत, पोरगं पाण्याला सरावलं. मॅडमचा चेहरा एवढा गंभीर मी तेव्हाच बघितला. सरावलेलं बाळ पाण्याकडं उलट जास्त धावतं, त्या म्हणाल्या.

११ मेला शेवटचा वर्ग. आदल्या संध्याकाळी वळीव कोसळून गेला होता, हवा गार होती, मॅडमनी पाणी ३३ वर नेऊन ठेवलं होतं. त्या दिवशी चिमी पहिल्यांदा माझ्या खांद्यावर डोकं टेकून पाठीवर तरंगली. दहा सेकंद असेल. छपराच्या पत्र्यातून येणाऱ्या उजेडाकडं बघत होती, कान पाण्यात होते. मला माझ्या विहिरीतला तो बंद आवाज आठवला. तिलाही तोच ऐकू येत असणार, आणि तिचं अंग माझ्या हातावर सैल पडलेलं होतं.

सगळा हिशोब मांडला तर फी ४,०००, कपडे-टॉवेल २,३३०, तापमापक २५०, डॉक्टर ४००, आणि रिक्षाचे येऊन-जाऊन दर वेळी साधारण ३००. नऊ-साडेनऊ हजार. हे सगळ्यांना परवडेल असं नाही, आणि ज्यांना परवडत नाही त्यांच्या बाळाचं काही चुकतंय असंही नाही. टबातलं कोमट पाणी, मगाची धार, ठरलेले तीन आकडे आणि पालथी बादली, एवढं घरी होतं. पुढच्या उन्हाळ्यात चिमी वर्षावर गेलेली असेल, तेव्हा पुन्हा नेऊ.

निघताना मी बायकांच्या सकाळच्या बॅचचा फॉर्म मागून घेतला. सात ते पावणेआठ, महिना १,२००, मोठा तलाव, पाणी गरम केलेलं नसतं. पुन्हा डॉक्टरांचा दाखला, पुन्हा दोन फोटो, पुन्हा हमीपत्र. फॉर्मवर एक रकाना होता, यापूर्वीचा अनुभव. मॅडम म्हणाल्या, कोरा ठेवला तरी चालतं. मी "आठ वर्ग, लेकीबरोबर" असं लिहिलं. १९ मे, सोमवारपासून सुरू. चिमीला त्या वेळात मामा सांभाळणार आहेत. न्हाणीची कडी लावली का, हे ते आता माझ्याआधी जाऊन बघतात.